अकरा पाटांचं नगर

फार पूर्वी, रोम हे नाव ऐकल्यावर दूरदेशीचे राजेसुद्धा आसनावर सावरून बसत, त्या काळी नगरापासून तीन दिवसांच्या वाटेवर एका डोंगरात एक पाटकरी एकटाच राहत असे.

पाटकरी म्हणजे पाण्याचा पाट राखणारा. त्या डोंगरात एक मोठा झरा होता आणि त्याचं पाणी दगडी पाटातून नगराकडे जाई. पाट वरून झाकलेला, आतून माणूस वाकून चालू शकेल एवढा उंच. कुठे तो डोंगर पोखरून जाई, तर कुठे उंच कमानींच्या खांद्यावरून दरी ओलांडी. उतार इतका बेताचा होता, की पाणी कुठे धावत नसे आणि कुठे थांबतही नसे. असे अकरा पाट अकरा डोंगरांतून रोमला येत. आपला पाटकरी सातव्या पाटाचा.

पाणी गोड होतं, थंड होतं, पण त्याला एक खोड होती. त्यात चुना होता. रोज पाणी तापवायच्या भांड्याला आतून जसं पांढरं पुट चढतं, तसं ते पाटाला चढे. वर्षाला बोटभर. बोटभर म्हणजे काही फार नाही. पण बोटावर बोट चढत गेलं, की पाट अरुंद होतो आणि पाणी अडायला लागतं. म्हणून वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाला, झऱ्याचं दार तीन दिवस बंद करायचं आणि आत उतरून सबंध पाट लोखंडी खुरप्यांनी खरवडून काढायचा, असा रिवाज होता. त्या तीन दिवसांना खरवड म्हणत. एका पाटाची खरवड चाललेली असताना बाकीचे दहा पाट नगराला पाणी पाजत.

हा रिवाज सुरू झाला तेव्हा रोम म्हणजे टेकड्यांवरच्या मातीच्या झोपड्या होत्या. पाटही एकच होता. पण नियम पहिल्या दिवसापासून ठरलेला: जो या पाटाचं पाणी पितो तो खरवडीला येतो. घरटी एक माणूस. नांगरणारा येई, कुंभार येई, नगराचा प्रमुखही येई आणि सगळ्यांसारखाच गुडघे टेकून आत शिरे.

पाटकऱ्याचे आजोबा एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. एकदा युद्ध जिंकून आलेला सेनापती म्हणाला, "यंदा मला सूट द्या. उजव्या खांद्यात बाण लागलाय."

रांगेतली मासे विकणारी बाई म्हणाली, "मग डाव्याने खरवडा की! डावा काय शत्रूकडे विसरून आलात?"

सगळी रांग हसली. सेनापतीही हसला, आणि तीन दिवस डाव्या हाताने खरवडत राहिला.

रोम तलवारीने मोठं झालं असं लोक म्हणतात. म्हणू दे. तलवारी सगळ्यांकडेच होत्या. पण ज्या नगरात सेनापती आणि मासेवाली एकाच अंधाऱ्या पाटात एकमेकांच्या खुरप्याचा आवाज ऐकत तीन दिवस गुडघ्यांवर असतात, त्या नगरातली माणसं रणांगणात एकमेकांना टाकून पळत नाहीत. रोमकडे ही एक गोष्ट होती आणि ती कुणाला विकत घेता येत नव्हती, लुटून नेता येत नव्हती. पाहता पाहता एका पाटाचे अकरा झाले. झोपड्यांच्या जागी संगमरवर आला. रोमचे रस्ते इतके लांब गेले, की त्यांच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांनी रोम कधी पाहिलंच नव्हतं.

मग हळूहळू वारं फिरलं.

आधी श्रीमंत म्हणाले, "आम्ही यायलाच हवं असं थोडंच आहे? आमचा गुलाम येईल." गुलाम आले. पण ज्यांना नगरात माणूस म्हणून जागा नव्हती, त्यांनी नगराचं पाणी जिवापाड का राखावं? ते मुकादम बघेल तेवढंच खरवडत. मग दुकानदार म्हणाले, "मोठे येत नाहीत, तर आम्हीच का गुडघे फोडून घ्यायचे?" मग गरीब म्हणाले, "म्हणजे राबायला तेवढे आम्ही!" आणि एका सम्राटाने तर कमालच केली. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं म्हणून त्याने नेमके खरवडीच्याच दिवसांत मोठ्या मैदानात खेळ ठेवले. सिंह, हत्ती, रथांच्या शर्यती, वर सगळ्यांना फुकट पाव. आता तुम्हीच सांगा, पाटात कोण जाणार?

आपला पाटकरी पाटावर रुजू झाला तेव्हा खरवडीला चाळीस माणसं आली. काही वर्षांनी नऊ. त्यानंतर फक्त एक म्हातारा पाववाला उरला. तो दरवर्षी पाठीला पावांची पिशवी बांधून तीन दिवस चालत येई आणि आल्या आल्या म्हणे, "काय रे, बाकीची मंडळी मागून येतायत ना?" पाटकरी म्हणे, "येतायत, येतायत." दोघांनाही माहीत असे की कुणी येत नाहीये. मग दोघं पाटात उतरत. म्हातारा बेसूर गात राही. पाटात आवाज घुमे आणि दहा माणसं गातायत असं वाटे.

एका वर्षी म्हाताराही आला नाही.

पाटकऱ्याने नेहमीप्रमाणे झऱ्याचं दार बंद केलं होतं. आणि का कोण जाणे, त्या सकाळी त्याने आजोबांच्या वेळचं मोठं पातेलं काढलं आणि शंभर माणसांना पुरेल इतकी जवाची पेज शिजायला टाकली. कदाचित त्याला वाटलं असेल, पेज शिजली की तिच्या मागोमाग माणसं येतील. तो उंबऱ्यावर बसून वाटेकडे बघत राहिला. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी त्याने झऱ्याचं दार उघडलं. ती पेज तो एकटाच पाच दिवस खात होता. शेवटी शेवटी ती आंबली, तरी त्याने टाकली नाही. यायच्या पाहुण्यांचं अन्न फेकल्यासारखं वाटलं असतं त्याला.

त्यानंतर तो वर्षभर थोडं थोडं एकट्यानेच खरवडू लागला. पण तीन दिवसांच्या वाटेचा पाट एका माणसाच्या हाताने कसा उरकणार? एका टोकाकडून तो पुढे जाई, तोवर मागे पुन्हा पुट चढलेलं असे. आठ-आठ महिने त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. एकदा रस्ता चुकलेल्या धनगराने त्याला हाक मारली, तर "ओ" द्यायला आवाजच फुटेना. घसा खाकरून, पाणी पिऊन तो बाहेर आला, तोवर धनगर पुढे निघून गेला होता. पाटकरी बराच वेळ त्याच्या मेंढ्यांनी उडवलेल्या धुळीकडे पाहत उभा राहिला.

अशात एक दिवस पाटकऱ्याच्या झोपडीपाशी घोडे येऊन थांबले. सम्राटाचा स्थपती आला होता. स्थपती म्हणजे राज्यातल्या इमारती उभारणारा मुख्य अधिकारी. त्याच्यासोबत लवाजमा होता, मोजमापं घेणारी माणसं होती.

पाटकऱ्याने नुकताच पाटाच्या आतल्या भागातून पुटाचा एक जाड तुकडा फोडून बाहेर आणून टाकला होता. तिथे त्याचं खुरपं कित्येक वर्षांत पोचलं नव्हतं. स्थपतीने तो तुकडा उचलला, थुंकी लावून अंगठ्याने चोळला आणि उन्हात धरला. आत मधाच्या रंगाचे, सायीच्या रंगाचे, तपकिरी असे पट्टेच पट्टे होते. एकेका वर्षाचा एकेक पट्टा.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"चुना आहे, सरकार. पाण्याचं कीट."

"कीट? अरे वेड्या, सम्राटांच्या नव्या स्नानगृहाला खांब करायला मी इजिप्तचा दगड आणला, ग्रीसचा आणला. असा दगड साऱ्या जगात कुणाकडे नाही."

"नसणारच, सरकार. बाकीचे लोक तो खरवडून टाकतात."

स्थपती मोठ्याने हसला. "बोलायला फक्कड आहेस की! इथे कुणाशी बोलतोस?"

पाटकऱ्याने रिकाम्या वाटेकडे पाहिलं.

स्थपती त्याच्याजवळ दगडावर टेकला. "ऐक. खरवडणं थांबव. पुट वाढू दे. चांगलं हातभर जाड झालं, की आमची माणसं येऊन खांबांपुरते तुकडे कापून नेतील."

"पाणी अडेल, सरकार."

"रोमला पाट किती येतात?"

"अकरा."

"त्यातला एक गेला तर?"

"दहा."

"दहा पाटांचं पाणी पिऊन कुणी तहानेने मेलंय का?" स्थपतीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला नगरात घर देतो. दार थेट रस्त्यावर उघडतं. सकाळी दार उघडलंस की कुणीतरी जाताना दिसेल. कुणीतरी म्हणेल, काय पाटकरी, बरं आहे ना?"

राज्य देऊ केलं असतं तरी पाटकऱ्याने नाही म्हटलं असतं. पण 'काय पाटकरी, बरं आहे ना' हे शब्द त्याच्या काळजात रुतले. तो उठून पाटापाशी गेला. दगडाला कान लावून त्याने आतलं पाणी ऐकलं. लहानपणी त्याला वाटे, पाणी आपल्याशी बोलतंय. आता त्याला माहीत होतं की पाणी कुणाशीच बोलत नाही. ते नुसतं जातं, आणि तेही माणसांकडे. मग आपणच का इथे राहायचं?

"येतो," तो म्हणाला.

त्याने खुरपं गाठोड्यात बांधलं, सवयीने. झऱ्याचं दार उघडंच ठेवलं आणि तो घोड्यांच्या मागे चालू लागला.

रोममध्ये त्याला जी गल्ली दाखवण्यात आली ती अगदी नवी होती. चुन्याचा वासही अजून गेला नव्हता. दोन्ही बाजूंना सारखी घरं, सारखे दरवाजे. शेजारच्या उंबऱ्यावर एक टक्कल पडलेला माणूस ऊन खात बसला होता. पाटकऱ्याची नजर त्याच्या पायांवर गेली. दोन्ही गुडघ्यांवर काळे, जाड घट्टे होते. पाटकऱ्याने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. तसेच.

"तुम्ही... कुठले?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या पाटाचा," टकल्या म्हणाला. "आणि तू?"

"सातव्या."

"अरे, सातवा आला रे!" टकल्या गल्लीत ओरडला. धडाधड दारं उघडली. कुणी हातात पाव घेऊन आला, कुणी ओल्या अंगानेच आला. "चला, आता फक्त नववा राहिला." "नववा कालच आलाय, घोरतोय आत." "त्याच्या पाटात पाणी कमी आणि घोरणंच जास्त होतं!" सगळे हसले. पाटकरीही हसला. किती वर्षांनी हसला ते त्यालाही आठवेना.

मग तो हसता हसता थांबला. त्याने दारं मोजली. पुन्हा मोजली. अकरा होती.

"पण मग..." तो म्हणाला, "पाटावर कोण आहे?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मला सांगितलं, बाकीचे दहा आहेत," तिसरा म्हणाला.

"मलाही," आठवा म्हणाला. त्याच्या तोंडात पावाचा घास तसाच राहिला होता.

"माझ्याच पाटाचा चुना सगळ्यांत सुंदर आहे असं म्हणाला होता तो मला," पहिला हळूच म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं, पण त्या हसण्याला कुणी साथ दिली नाही.

पाटकरी म्हणाला, "उद्या परत जाऊ. सगळे जण. अकरा जण मिळून एकेक पाट घेतला तरी..."

"जाऊ की," तिसरा म्हणाला. "नाही कोण म्हणतंय? पण आधी जेवून तर घे. कुणाबरोबर बसून शेवटचं कधी जेवलास?"

त्या दिवशी गल्लीत एकच पंगत बसली. खारवलेले मासे होते, ऑलिव्ह होते, कांदा होता. आठव्याने पाटात घुसलेल्या साळिंदराची गोष्ट सांगितली. दुसऱ्याने सांगितलं, की तो एकटेपणाला कंटाळून स्वतःशीच भांडायचा आणि मग दोन दिवस स्वतःशी अबोला धरायचा. पाटकऱ्याच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. शेजाऱ्याचा कोपर त्याच्या कोपराला लागत होता आणि तो मुद्दाम हात काढून घेत नव्हता.

स्थपती आला त्या दिवशी बाकीचे पाटही सुटणार हे त्याला माहीत नव्हतं. आता माहीत होतं. आता त्याच्यापाशी काही सबब उरली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दार उघडलं आणि पलीकडून तिसरा म्हणाला, "काय पाटकरी, बरं आहे ना?"

"बरं आहे," पाटकरी म्हणाला. त्या दिवशी तो गेला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दहा जणांकडे बघून तो थांबला, आणि ते दहा जण त्याच्याकडे बघून थांबले.

अशी पंधरा-वीस वर्षं गेली.

स्थपतीची माणसं पाटांवर जाऊन आली. जिथवर बैलगाडी पोचत होती तिथल्याच पाटांच्या भिंती फोडून त्यांनी मोठाले तुकडे काढले. बाकीचे पाट कोसच्या कोस तसेच सोडले. खांब उभे राहिले. खरोखर सुंदर होते. उन्हात मधाचे खांब वाटत. उद्घाटनाला सारं नगर लोटलं. मग हौदात पाणी सोडलं, तर ते घोट्यापर्यंतच आलं. पुढे चढेना. सम्राटांनी पाय बुडवले. दरबाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "घोटाभर पाणी प्रकृतीला उत्तम!" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यानंतर उंच टेकड्यांवरची कारंजी थांबली. मग मधल्या वस्तीतली. दोन-तीन वर्षांत सम्राटांनी समुद्राजवळच्या एका लहान नगरात मुक्काम हलवला. हवापालटासाठी, असं जाहीर झालं. त्यांच्यामागे दरबारी गेले, दरबाऱ्यांमागे दुकानदार गेले. उरलेले लोक घागरी घेऊन नदीवर जाऊ लागले. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत वेशीतून ये-जा, ये-जा. पाण्यासाठी रोमच्या वेशीचे मोठे दरवाजे दिवसभर उघडे ठेवावे लागत.

गल्लीतले शेजारीही एकेक करून सरले. कुणी वारले, कुणी मुलीच्या गावी गेले. तिसरा सर्वांत शेवटी गेला. त्याने जाताना पाटकऱ्याला घट्ट मिठी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटकऱ्याने दार उघडलं. समोर दहा दारं बंद होती. रस्त्यावर एक मांजर बसलं होतं. डोंगरातला एकटेपणा त्याला ठाऊक होता. तिथे निदान पाण्याचा आवाज होता. हा नवाच होता. या एकटेपणाला भिंती होत्या, खिडक्या होत्या, दाराला कड्या होत्या. आणि ह्याच्या पायाचा एक दगड आपणच घातलाय, हेही त्याला कळत होतं.

त्याने गाठोडं सोडलं, खुरपं काढलं आणि तो चौकात जाऊन उभा राहिला.

"खरवडीला चला!" तो ओरडला. "पाट चोंदलेत. घरटी एक माणूस द्या. तीन दिवसांचं काम आहे!"

घागर घेतलेली एक बाई थांबली. "कसली खरवड, बाबा?"

"पाटाची. पाणी येईल पुन्हा. घरापाशी येईल."

"ते काम सरकारचं ना?"

"सरकार गेलं की, ताई. आता आपणच आहोत."

"आम्ही पाण्याला जायचं की खरवडायला?" ती म्हणाली आणि चालू लागली.

एक शिकलेला तरुण हसून म्हणाला, "आजोबा, ते जुन्या काळी असायचं. मी वाचलंय त्याबद्दल. फार उदात्त होतं म्हणे."

"मग चल ना माझ्याबरोबर."

"मी?" तरुणाने आजूबाजूला पाहिलं. "मी एकटा येऊन काय होणार?"

पाटकरी तीन दिवस चौकात ओरडत राहिला. चौथ्या दिवशी खुरपं खांद्यावर टाकून तो एकटाच डोंगराकडे निघाला. आता तो म्हातारा झाला होता. तीन दिवसांची वाट चढायला त्याला नऊ दिवस लागले.

पाट उघडून त्याने आत पाहिलं. जिथून तो वाकून चालत असे, तिथे आता मूठ जाईल एवढंच भोक उरलं होतं. झऱ्याचं पाणी पाटात शिरत नव्हतं. ते बाजूने उतू जाऊन दरीत पडत होतं. त्याने बाहीने तोंड पुसलं, गुडघे टेकले आणि खरवडायला सुरुवात केली.

सबंध उन्हाळाभर तो रोज वीतभर पुढे जात होता. आणि एका दुपारी उत्तरेकडून माणसं आली. खूप माणसं. लांब वेण्या घातलेली, कातडी पांघरलेली, भाल्यांची, बैलगाड्यांची. त्यांचा सरदार घोड्यावरून उतरला, पाटाच्या तोंडाशी वाकला आणि त्याला आत धुळीने माखलेला म्हातारा दिसला.

"बाहेर ये," सरदार तुटक्या भाषेत म्हणाला. "घाबरू नको. एक सांग. आमचे म्हातारे म्हणाले, रोमची भिंत फुटत नाही, त्यांचं पाणी तोडा. म्हणून आम्ही पाट फोडायला आलो. चार पाट पाहिले. चारही कोरडे. हा पाचवा. आमच्या आधी इथे कोण आलं होतं?"

"कोणीच आलं नाही," पाटकरी म्हणाला.

"मग पाट बंद कुणी केले?"

"तेच सांगतोय. कोणीच आलं नाही, म्हणून बंद झाले." तो खाली बसला. "मीही आलो नाही. आत्ता आलोय."

सरदाराने ते आपल्या भाषेत आपल्या माणसांना सांगितलं. कुणी हसलं नाही. दोघं-तिघं झऱ्यावर पाणी प्याले. मग सरदाराने विचारलं, "वेशीचे दरवाजे तरी बंद असतील ना?"

पाटकरी खुरपं उचलून पुन्हा पाटात शिरला. पण नदीवर घागरींची रांग लागलेली असते, हे सरदाराच्या हेरांनी दुसऱ्याच दिवशी पाहिलं असावं.

रोम एका दुपारी पडलं. जिला हजार वर्षांत कुणी हात लावू शकलं नव्हतं त्या भिंतीचा एक दगडही फोडावा लागला नाही. शत्रू पाण्याच्या वाटेने, घागरींच्या मधून चालत आत गेला.

त्यानंतर आठवडाभराने पाटकऱ्याला पाटाच्या बाहेर गलबला ऐकू आला. तो रांगत बाहेर आला आणि बघतच राहिला. डोंगराची सारी वाट माणसांनी भरली होती. नगर सोडून निघालेली माणसं. पाठीवर पोरं, डोक्यावर गाठोडी. चौकातली घागरवाली होती. तो शिकलेला तरुण होता. इतकी माणसं या पाटावर आजोबांच्या काळातसुद्धा आली नसतील. सगळी झऱ्यावर वाकून ओंजळीने पाणी पीत होती.

"बाबा," घागरवालीने तोंड पुसत विचारलं, "किती गोड पाणी आहे हे! कुठे जातं?"

"तुमच्याच घरी जायचं," पाटकरी म्हणाला.

तिने घागर भरली आणि ती वाटेला लागली. बाकीचेही उठू लागले. कुणी या दरीत निघालं, कुणी त्या दरीत. ज्याला जिकडे नातलग आठवला तिकडे तो.

पाटकरी धडपडत कमानीच्या दगडावर चढला. "थांबा!" तो जीव तोडून ओरडला. "अरे, बघा तरी आपण किती जण आहोत! एवढे जण असलो तर तीन दिवसांत पाट मोकळा होईल. पाणी असलं की नगर पुन्हा उभं राहील. तीनच दिवस थांबा!"

माणसं थांबली. खरोखर थांबली. त्या सबंध वाटेवर एकेकाने मान वळवून आपल्या शेजाऱ्याकडे पाहिलं: हा थांबतोय का? आणि शेजारी त्याच्याकडे पाहत होता: हा थांबतोय का? तरुणाने घागरवालीकडे पाहिलं. घागरवालीने तरुणाकडे पाहिलं. पाटाकडे पहिलं पाऊल कुणी टाकलं नाही. मग कुठेतरी एक पोर रडलं, एक बैल पुढे झाला, आणि सगळी वाट पुन्हा सरकू लागली.

ऊन कलेपर्यंत डोंगर रिकामा झाला. पाटकरी दगडावरून खाली उतरला, वाकला आणि पुन्हा पाटात शिरला. आत त्याच्या एकट्याच्या खुरप्याचा आवाज येत राहिला. तो ऐकायला वाटेवर कुणी नव्हतं.

तात्पर्य: जे सगळ्यांचं आहे ते राखायला 'बाकीचे आहेत ना' असं ज्या दिवशी प्रत्येक जण म्हणतो, त्या दिवशी बाकीचा असा कुणी उरत नाही, म्हणून दुसरा थांबेल का हे पाहू नका, पहिलं पाऊल तुम्ही टाका.